कपाटाची चावी आणि शाळेचं दप्तर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते पोरांच्या हाती लागणाऱ्या बंदुकीबद्दल, आणि त्यात पालकांची नि शाळेची जबाबदारी काय याबद्दल.

आधी अंगणातल्या मोटारसायकलकडे बघू या. सोळा वर्षांच्या पोराने गाडी काढली, जळगाव-भुसावळ रस्त्यावर कुणाला उडवलं, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ थेट पालकाला धरतं. 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. 'मला न सांगता नेली' हे सिद्ध करायचं ओझंही पालकाच्याच डोक्यावर.

आता त्या गाडीच्या जागी बंदूक धरा. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार 21 वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणाला बंदूक बाळगता येत नाही. जाणूनबुजून अपात्र माणसाच्या हाती शस्त्र दिलं तर कलम 29 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे. पण निष्काळजीपणे घरात ठेवली आणि पोराने उचलली तर? परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कलम 30 आहे. त्यात 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, निष्काळजीपणाने मृत्यू, 5 वर्षांपर्यंत; पण तिथे पालकाचा निष्काळजीपणा सरकार पक्षाला सिद्ध करावा लागतो. म्हणजे गाडीच्या चावीला कायदा जितका कडक, तितका बंदुकीच्या कपाटाच्या चावीला नाही. हे उलटं आहे, असं आमचं स्पष्ट मत.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात धसास लागला. मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत 30 नोव्हेंबर 2021 ला पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार केला, चार विद्यार्थी गेले. पिस्तूल वडिलांनी चारच दिवस आधी घेतलेलं. आदल्या दिवशी वर्गात तो मोबाइलवर काडतुसं शोधताना शिक्षिकेला दिसला. त्या सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं चित्र आणि मदत मागणारे शब्द सापडले. शाळेने आई-वडिलांना बोलावलं. समुपदेशन करून घ्या, असं सांगितलं. ते पोराला घरी न नेता निघून गेले, पिस्तूल घरी आहे हेही बोलले नाहीत. शाळेने त्याला वर्गात परत पाठवलं, दप्तर कुणी उघडलं नाही. पिस्तूल त्याच दप्तरात होतं. 2024 मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली.

शाळेचा हिशेब व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये झाला. जानेवारी 2023 मध्ये सहा वर्षांच्या मुलाने शिक्षिकेवर गोळी झाडली, ती वाचली. मुलाकडे बंदूक असावी, असं त्याच दिवशी शाळेतल्या लोकांनी वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. 2025 मध्ये ज्युरीने तेव्हाच्या सहायक मुख्याध्यापिकेला जबाबदार धरून शिक्षिकेला 1 कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

आपल्याकडे हे होत नाही, अशी समजूत असेल तर ती सोडा. डिसेंबर 2007 मध्ये गुडगावच्या खाजगी शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गसोबत्यांनी गोळ्या घातल्या, पिस्तूल त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांचं होतं. जुलै 2024 मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतलं पोर दप्तरात पिस्तूल घेऊन आलं आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला गोळी लागली. डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेशात छतरपूर जिल्ह्यात बारावीच्या विद्यार्थ्याने प्राचार्यांना गोळी घालून ठार मारलं.

खानदेशात पोराच्या हाती बंदूक येण्याच्या वाटा दोन. एक चोपड्यापलीकडची: सातपुड्याच्या सीमेवरचं मध्य प्रदेशातलं उमर्टी गावठी कट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं पोलिसांच्या नोंदीत आहे. कट्ट्याला भरवशाची सेफ्टी नसते, कंबरेला खोचलेला नुसत्या हिसक्यानेही सुटू शकतो. बेकायदा बाळगल्यास किमान 2 वर्षं कैद. पोराच्या मोबाइलवर कट्टा हातात धरलेली रील दिसली तर 'खेळण्यातला असेल' म्हणून सोडू नका, तो कुणाचा आहे ते विचारा.

दुसरी वाट घरातली, आणि तिचाच धोका लोक विसरतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बाराबोर किंवा ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असते. आजोबा वारले, परवाना संपला, तरी ती माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली असते. शस्त्र कायद्याचं कलम 21 सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. पावती घ्या. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःचा परवाना काढावा.

जी वैध आहे ती ठेवायची कशी? मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, हा समज जीव घेतो, कारण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहिलेली असू शकते. म्हणून बोट ट्रिगरपासून लांब, तोंड सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली, तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये येऊन बसते. बाराबोर असेल तर नळी उघडून दोन्ही घरं बघायची. ठासणीची बंदूक भरलेली बाहेरून कळत नाही; गज नळीत सोडून बघा, तो नेहमीपेक्षा जास्त बाहेर उरला तर आत बार आहे. भरलेली बंदूक रात्री खुंटीला टांगायची सवय खानदेशातून जायलाच हवी.

रिकामी बंदूक भिंतीला बोल्टने ठोकलेल्या लोखंडी कपाटात ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. कपड्यांचं गोदरेज कपाट चालणार नाही, त्याची चावी घरभर फिरते. देव्हाऱ्यामागे ठेवलेली चावी पोरांना तिसऱ्या वर्षापासून ठाऊक असते. 'चावी कोठे शे?' हे विचारायची वेळ घरात कुणालाच येऊ नये. ती परवानाधारकाच्या कंबरेला असावी.

आता शाळा. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने 1974 ते 2000 मधल्या 37 शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. 81 टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत आधी कुणाला तरी माहीत होता, बहुतेक वेळा बरोबरीच्या पोरांना. दोन तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी शस्त्र स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवलं होतं. म्हणून शाळेत बोलायला जागा हवी. तक्रारपेटी दर आठवड्याला दोघांच्या समोर उघडली जाते का, हे पालक सभेत विचारा. गंजलेल्या कुलपाची पेटी नसल्यासारखीच.

'अमक्याच्या दप्तरात काहीतरी आहे' असं कानावर आलं, तर वर्गासमोर झडती घेऊ नका. दोन मोठ्या माणसांनी मुलाला शांतपणे बाहेर बोलवावं, दप्तर बाकावरच ठेवायला सांगावं, हात दिसतील असा उभा करावा. दुसऱ्या शिक्षकाने बाकीच्या पोरांना दुसऱ्या दाराने न्यावं. लगेच 112. सापडलेल्या शस्त्राला हात लावायचा नाही, रिकामं करायचं नाही, शिपायाला आणायला पाठवायचं नाही. पालकांना लगोलग फोन करा, 'घरी बंदूक आहे का, आत्ता कुठे आहे?' हे सरळ विचारा आणि वेळ लिहून ठेवा. नुसती धमकी असेल तर मुलाला एकटं सोडू नका; 1098 वर मुलांसाठी, 14416 वर मनोविकारांसाठी मदत मिळते.

गोळी सुटलीच, तर मुलगा 18 च्या आतला असल्यास त्याला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. 16 ते 18 वयाच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला असेल तर 3 महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन, मग प्रौढ म्हणून खटला की नाही ते ठरतं. मंडळ पालकांना दंडही करू शकतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात फोटो फिरतो, तो पहिला पाठवणाराही यात येतो. शाळेने घाईने दाखला हातात देणं आणि त्यावर शेरा मारणं, ही आपली जुनी खोड. मंडळाचं प्रकरण सुरू आहे किंवा होतं, हे त्या कागदावर लिहायचं नाही.