तळ्याचा ठराव आणि आपलं मत

मित्रहो, चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. २० मार्च १९२७, बाबासाहेबांच्या ओंजळीतलं ते पाणी. पण त्याच्या मागेपुढे एक कागद आहे, त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. महाड नगरपालिकेचा ठराव.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केलं, कागदावर. तीन वर्षं तो ठराव दप्तरात पडून राहिला. मग सत्याग्रह झाला, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेनं ठराव मागे घेतला! हायकोर्टातून न्याय मिळायला १९३७ उजाडलं.

त्या सभागृहाला निवडून कोण देत होतं? मालमत्ता असलेले, कर भरणारे मोजके लोक. ज्यांना त्या तळ्याचं पाणी हवं होतं, त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. आज ते आहे. म्हणून पालिकेच्या मतदानाच्या दिवशी सुट्टी काढून गावाला जाणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

आता जरा लांबची गोष्ट. अमेरिकेत सिएटल शहरानं २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. तिथलं ते पहिलंच शहर. नोकरी, घर, सार्वजनिक जागा, सगळीकडे. नगर परिषदेत सहा विरुद्ध एक असं मतदान झालं. प्रस्ताव मांडला तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पदावरून हटवण्यासाठी त्यांच्या प्रभागात मतदान झालं होतं. जवळपास ४१ हजार लोकांनी मत दिलं आणि सावंत वाचल्या त्या ३१० मतांनी. आपल्याकडे दोन-तीन सोसायट्यांत एवढी मतं निघतात. त्यांच्या बाजूचे तीनशे अकरा जण त्या दिवशी घरी बसले असते तर सव्वा वर्षानं हा प्रस्ताव कुणी मांडला असता?

आणि घराचं म्हणाल, तर गेल्या वर्षी ओळखीच्या एका नर्सबाईंसोबत मी भाड्याची खोली बघायला गेलो होतो. एजंट कुलपाला किल्ली लावता लावता म्हणाला, "आडनाव काय म्हणालात?" बाईंनी सांगितलं. त्यानं किल्ली काढली, खिशात टाकली. "मालकांशी बोलून फोन करतो." फोन आला नाही. जिना उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "हे तिसरं घर." आपल्या घटनेच्या १५व्या अनुच्छेदानं दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, रस्ते सगळ्यांना खुले केले. त्या यादीत भाड्याचं खासगी घर नाही.

महापालिकेला असा कायदा करता येत नाही, असं कुणी म्हणेल. तिचे अधिकार तोकडे आहेत, मान्य. पण पालिकेचे गाळे, सभागृहं, दवाखाने, सफाईची कंत्राटं तिच्याच हातात आहेत. जात, धर्म, लिंग, अपंगत्व यांवरून कुणाला डावललं तर कंत्राट काढून घेऊ, ही अट सभागृहानं घालावी. आणि घरांसाठी राज्यानं कायदा करावा, असा ठराव करून पाठवावा. दारात मतं मागायला येणाऱ्याला हे विचारा: "हात वर करणार का?" मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून तीन-चार जण निवडून द्यायचे असतात. प्रत्येकाला वेगळं विचारा.

शेवटी कामाचं. पालिकेसाठी वेगळी मतदारयादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांत वाटतात. त्या वाटपात नावं भलत्याच प्रभागात जातात, आणि प्रारूप यादीवर हरकत घ्यायला जेमतेम काही दिवस मिळतात. यादी लागली की मी संध्याकाळी इथेच बसेन. घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन या. भाडेकरूंची नावं हमखास जुन्या पत्त्यावर अडकलेली असतात; ती प्रभागाच्या हरकतीनं बदलत नाहीत, विधानसभेच्या यादीतला पत्ता आधीच बदलून घ्यावा लागतो, हे त्यांना आत्ताच सांगा. नाव भलत्या प्रभागात गेलं असेल तर हरकतीचा अर्ज आपण इथेच भरू.