घडी मोडून मोजलेलं प्रथिन

नमस्कार, श्रोतेहो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. पण पेशीत ती सरळ ताणलेली नसते. वळते, दुमडते, स्वतःभोवतीच गुंडाळली जाते, आणि त्या ठरावीक घडीवर तिचं काम अवलंबून असतं. हिमोग्लोबिनमध्ये तर अशा चार साखळ्या एकमेकींना बिलगून ऑक्सिजन वाहतात.

आता गंमत पाहा. प्रयोगशाळेत प्रथिनांची वजनं काढायची, तर आधी ही घडीच मोडतात! नमुना एसडीएसमध्ये उकळतात. हा शाम्पूत फेस आणणाऱ्या पदार्थांपैकीच एक. साखळी उलगडते आणि तिच्या अंगभर एसडीएसचे ऋणभारित रेणू चिकटतात, एक ग्रॅम प्रथिनाला साधारण 1.4 ग्रॅम. गंधकाचे बंध उरले असतील तर ते मर्कॅप्टोइथेनॉल तोडतं. (त्याची दुर्गंधी मात्र डोकं उठवणारी!) आता विद्युतभार लांबीच्या प्रमाणात आला, मूळचा विद्युतभार झाकला गेला. मग पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलला, म्हणजे जेलीसारख्या थराला, विजेचा दाब दिला की सगळ्या साखळ्या धन टोकाकडे निघतात. जेलच्या सूक्ष्म छिद्रांतून लहान साखळी पुढे सटकते, मोठी रखडते. कूमासी रंग दिला की निळ्या पट्ट्या दिसतात. शेजारी ठाऊक वजनाची प्रथिनं धावलेली असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. लेम्ली यांनी 1970 मध्ये वापरलेली ही रीत आजही फारशी बदललेली नाही.

पण जे झाकलं, तेच हवं असेल तर? सिकल सेल आजाराचं हिमोग्लोबिन घ्या. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. वजनात नगण्य फरक, म्हणून एसडीएसच्या जेलवर निरोगी आणि सिकल, दोन्हींच्या पट्ट्या सोळा हजार डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं एकक) आसपास एकाच ओळीत बसतात. जेल पाहून कुणी ‘सगळं ठीक’ म्हटलं, तर ते सपशेल चुकेल. फरक आहे तो भाराचा. म्हणूनच लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांना तो 1949 मध्येच सापडला: त्यांनी हिमोग्लोबिन न उलगडता, जेलशिवाय, द्रावणातच विद्युतक्षेत्रात सरकवलं होतं. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं, ते पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं.

त्यामुळे या आजाराच्या विद्युत तपासणीत एसडीएस वापरत नाहीत. अल्कधर्मी द्रावणात हिमोग्लोबिन अख्खंच धावतं, आणि ऋणभार कमी असलेलं सिकल हिमोग्लोबिन निरोगी पट्टीच्या मागे, वेगळ्या पट्टीत उमटतं.