दुपारी गेलेल्या तारा

[दृश्य: वाशी. शनिवारची दुपार, दुकानांच्या पाट्या, रिक्षांची रांग.]

११ नोव्हेंबर २००६, शनिवार. दुपारी साडेबाराच्या आसपास वाशीतून दोन माणसांना गाडीत घालून नेलं. नेणारे पोलिस होते. एकाचं नाव रामनारायण गुप्ता, पोलिसांच्या दफ्तरी लखनभैया. दुसरा त्याचा मित्र, नवी मुंबईतच राहणारा.

त्याच रात्री आठच्या सुमारास अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ गोळ्या सुटल्या. मुंबई पोलिसांनी सांगितलं की गुंड लखनभैया येणार अशी खबर होती, सापळा लावला, शरण यायला सांगितलं, त्याने गोळीबार केला आणि स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात तो मेला. तुम्ही-आम्ही त्या काळात अशा बातम्या इतक्या वाचल्या आहेत की फक्त नाव आणि ठिकाण बदललं की झालं.

या हकिगतीत वाशी कुठेच नव्हतं. दुपारही नव्हती. मित्र तर नव्हताच.

[दृश्य: तारेचा जुना कोरा फॉर्म, त्यावर गोल शिक्का.]

पण मधल्या वेळात एक गोष्ट घडली होती. लखनभैयाचा भाऊ वकील. भावाला पोलिसांनी उचललंय हे कळल्यावर तो रडत बसला नाही, ओळखीच्या नेत्याकडे धावलाही नाही. त्याने पोलिस आयुक्त आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा, म्हणजे टेलिग्राम, केल्या, फॅक्स केले. मजकूर थोडक्यात असा की माझ्या भावाला पोलिसांनी नेलं आहे आणि त्याला खोट्या चकमकीत मारतील अशी भीती आहे. तिकडे मित्राच्या बायकोने वाशी पोलिस ठाण्यात नवरा हरवल्याची तक्रार दिली.

हे सगळं माणूस जिवंत असताना. संपूर्ण प्रकरणाचा कणा एवढाच आहे.

तारेची गंमत आज तिशीच्या आतल्या प्रेक्षकांना सांगावी लागेल. फॉर्मवर मजकूर लिहायचा, शब्दांवर पैसे मोजायचे, पावती घ्यायची. त्या नोंदीवर तारीख पडायची, वेळ पडायची, आणि ती वेळ टाकणारा कारकून ना पोलिसांचा ना गुंडांचा. रात्री आठला मेलेल्या माणसाला मारणार आहेत, असं कुणीतरी संध्याकाळ व्हायच्या आधी सरकारी तारखात्याच्या हवाली करून ठेवलं होतं. पोलिसांना पंचनामा हवा तसा लिहिता येतो, स्टेशन डायरीत नोंद मागाहून बसवता येते. दुसऱ्याच खात्याच्या वहीत जाऊन वेळ बदलणं मात्र अवघड.

[दृश्य: नवी मुंबई पोलिस आयुक्तालय, बेलापूर. मग वाशीचा खाडीपूल.]

पत्रकार आणि भ्रष्ट पोलिस यांच्यावरचा थ्रिलर काढायला बसलं की पहिल्या वीस मिनिटांत एक वार्ताहर लागतो. त्याला पेनड्राइव्ह मिळतो, कुणीतरी त्याचा पाठलाग करतं, संपादक आधी नाही म्हणतो आणि मग रात्री छपाई थांबवून बातमी लावतो. आम्ही या प्रकरणात असा वार्ताहर शोधायला निघालो होतो. त्या रात्रीपुरता तरी तो नाही.

तो का नाही, हे क्राइम बीट कसं चालतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. गुन्ह्याची बातमी देणाऱ्याचा कच्चा माल पोलिसांकडूनच येतो. आयुक्तालयाची प्रेस नोट, ठाणे अंमलदाराशी चहा, गुन्हे शाखेच्या पोलिस निरीक्षकाचा फोन. आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, तेव्हा रात्रीचा राउंड असायचा. ज्याची बातमी द्यायची त्याच्याच हातून ती घ्यायची. एकदा वाकडा प्रश्न विचारला की पुढच्या तीन बातम्या शेजारच्या पेपरात आधी दिसतात, आणि संपादक विचारतो, ‘तुला कसं नाही कळलं?’ स्तंभाच्या सेंटिमीटरवर पैसे मिळणाऱ्या तालुका वार्ताहराला हे परवडत नाही. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. माझा राग त्याच्यापेक्षा या रचनेवर जास्त आहे.

दुसरी अडचण भूगोलाची. वाशी नवी मुंबई आयुक्तालयात, वर्सोवा मुंबई आयुक्तालयात. वाशी पोलिस ठाण्यातली हरवल्याची नोंद आणि वर्सोव्यातली चकमक यांच्यामध्ये खाडी आहे, दोन आयुक्तालयं आहेत आणि पेपरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत. अंधेरीचा वार्ताहर वाशीची मिसिंगची वही उघडत नाही. वाशीच्या वार्ताहराला वर्सोव्याची चकमक ही आपली बातमी वाटत नाही. ही फट मुद्दाम वापरली असं मी म्हणणार नाही. ती होती, आणि खोट्याला तिची मदत झाली.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांनाच अवघड जाणारी. आपल्याला चकमकी आवडायच्या. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी, त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसं, हा आकडा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्या वर्षांत वर्तमानपत्रं अधिकाऱ्यांचे ‘स्कोअर’ छापत होती, क्रिकेटचे छापावेत तसे. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ ही पदवी सरकारने दिलेली नव्हती. ती बातम्यांनीच दिली, आणि सिनेमाने तिला पार्श्वसंगीत दिलं.

[दृश्य: मुंबई उच्च न्यायालय, बाहेरून.]

तारा केलेला भाऊ उच्च न्यायालयात गेला. चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे गेली आणि ऑगस्ट २००८ मध्ये निष्कर्ष आला की हा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात झालेली हत्या आहे. वर्षभराने, ऑगस्ट २००९ मध्ये, उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला लावून विशेष तपास पथक नेमलं. पथकाचे प्रमुख पोलिस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना. पोलिसांनीच पोलिसांचा तपास केला आणि बऱ्यापैकी प्रामाणिकपणे केला, हेही या कथेतलं एक सत्य आहे. सगळं खातं एका रंगात रंगवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

तपासात मोबाइलच्या नोंदी आल्या. कुणाचा फोन दुपारी कोणत्या टॉवरखाली होता, हे २००६ साली अनेक अधिकाऱ्यांच्याही हिशेबात नसायचं. वाशीतून नेलेल्या त्या मित्राला चकमकीनंतर अंधेरीतल्या एका हॉटेलात जवळजवळ महिनाभर पोलिसांच्या नजरेखाली ठेवलं होतं, हे बाहेर आलं. बायकोने दिलेली हरवल्याची तक्रार मागे घ्यायला लावली होती, हेही सरकारी पक्षाने मांडलं. शवविच्छेदनात निघालेली एक गोळी प्रदीप शर्मा यांच्याकडच्या रिव्हॉल्वरची आहे, असा बॅलिस्टिक पुरावा आला. शर्मा म्हणजे चकमकी करणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यांतलं त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं नाव. शंभराहून अधिक चकमकी त्यांच्या खात्यावर सांगितल्या जायच्या. जानेवारी २०१० मध्ये त्यांना अटक झाली.

आता तो मित्र. दुपारी वाशीत काय झालं हे पाहणारा, गाडीत सोबत असलेला, आणि जिवंत राहिलेला एकमेव माणूस. न्यायालयात उभा राहून त्याने चेहरे ओळखायचे होते.

१३ मार्च २०११ रोजी तो नवी मुंबईतून नाहीसा झाला. साक्ष काही दिवसांवर आली होती. पुढे मनोरकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, एक जळालेला मृतदेह सापडला. तो त्याचाच होता.

[या ठिकाणी निवेदन थांबवावं. संगीत नको.]

अनेक खटले अशा जागी संपतात. हा संपला नाही, कारण तारा होत्या, टॉवरच्या नोंदी होत्या आणि भाऊ अजून होता. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यांत १३ पोलिस. शर्मा निर्दोष सुटले. शिक्षा १२ जुलैला, शुक्रवारी जाहीर झाल्या. आणि त्याच आठवड्याच्या रविवारी, १४ जुलै २०१३ च्या रात्री, भारतातली तारसेवा कायमची बंद झाली. लेखकाने हे रचलं असतं तर आम्ही त्याला म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

निकालानंतर तरी शांतता? २०१५ च्या डिसेंबरात राज्य सरकारने दोषी पोलिसांपैकी ११ जणांची जन्मठेप स्थगित केली. भावाने पुन्हा न्यायालय गाठलं आणि उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या आदेशाच्या वेळी मात्र माध्यमांनी काम केलं. कागद मिळवले, नावं छापली, मंत्रालयात प्रश्न विचारले. पत्रकारितेचं श्रेय द्यायचं तर इथे द्यायचं. पहिल्या रात्री चुकलेली बातमी नवव्या वर्षी सोडली नाही.

[दृश्य: ठाणे, खारकर आळी. पोलिस आयुक्तालयाकडे जाणारा रस्ता.]

दरम्यान निर्दोष सुटलेले शर्मा २०१७ मध्ये सेवेत परतले, आणि आले कुठे तर आपल्या ठाणे शहरात, खंडणीविरोधी पथकात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दाऊद इब्राहिमचा भाऊ इक्बाल कासकर याला या पथकाने अटक केली आणि कॅमेरे पुन्हा त्याच जुन्या उत्साहाने रांगेत लागले. २०१९ ला ते नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. २०२१ च्या मार्चमध्ये ठाण्यातल्या एका व्यावसायिकाचा मृतदेह मुंब्र्याच्या रेतीबंदरावर खाडीत मिळाला. त्या प्रकरणात जूनमध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली. त्यात पुढे जामीन झाला, आणि ते आरोप अजून सिद्ध झालेले नाहीत, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

लखनभैयाच्या खटल्यात मात्र १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाचा निकाल आला. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मांची सुटका रद्द करून जन्मठेप दिली. १३ जणांची जन्मठेप कायम राहिली, सहा जण सुटले, दोघे आधीच मरण पावले होते. कायद्याच्या रक्षकांनी गणवेशात गुन्हेगारी करावी हे चालू देता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मनोरच्या त्या हत्येचा छडा इतक्या वर्षांत लागला नाही याबद्दलही न्यायालयाने यंत्रणेला चांगलंच सुनावलं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्मांना शरण येण्यापासून अंतरिम दिलासा दिला.

[दृश्य: मुंब्रा बायपास, डोंगराच्या कडेने जाणारी वाहनं.]

आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहाच महिन्यांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, गोष्ट पुन्हा आपल्या दारात आली. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी तळोजा तुरुंगातून ठाणे पोलिसांच्या व्हॅनमधून आणला जात होता. मुंब्रा बायपासजवळ गोळ्या चालल्या. पोलिसांचं म्हणणं, त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळी झाडली आणि प्रत्युत्तरात तो मेला. गुन्हा इतका किळसवाणा होता की ‘बदला पुरा’ म्हणत बॅनर लागले, पेढे वाटले गेले. त्या गर्दीत प्रश्न विचारणारा वार्ताहर थेट बलात्काऱ्याचा वकील ठरतो.

तरी या वेळी प्रश्न विचारले गेले. २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी होता. चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलिस ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, लगेच पदक-बढती नाही. २०२० मध्ये प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही लावून चित्रण १८ महिने ठेवण्याचाही आदेश आला. पण अशा चकमकी पोलिस ठाण्यात होत नाहीत, बायपासवर होतात.

ठाण्या-कळव्यातल्या पत्रकारांनी वेळा जुळवायला घेतल्या. व्हॅन तळोज्याहून किती वाजता निघाली, गोळी कुठे झाडली, कळव्याच्या रुग्णालयात किती वाजता पोचले. दोन दिवसांत उच्च न्यायालयानेही रोखठोक विचारलं की चार पोलिसांना एक माणूस आवरता येत नाही? गोळी पायावर किंवा हातावर का नाही, डोक्यात का? खंडपीठात न्यायमूर्ती मोहिते डेरेच होत्या.

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आला आणि त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं. त्यानंतरही सरकारने आपणहून गुन्हा दाखल केला नाही. तो नोंदवा, हे उच्च न्यायालयाला ७ एप्रिल २०२५ च्या आदेशात सांगावं लागलं, आणि तपास पथकही न्यायालयानेच ठरवून दिलं. राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेलं. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढाच बदल केला की हे पथक राज्याच्या पोलिस महासंचालकांनी नेमावं.