सत्तावीस पिनांचा जंपर

बडोदे स्थानकातून जाणाऱ्या मालगाडीच्या तोंडाशी अनेकदा दोन इंजिने जोडलेली दिसतात, पण गाडी चालवणारे लोको पायलट असतात फक्त पुढच्या इंजिनात. मागच्या इंजिनात कोणी नसतानाही ते पुढच्याच्या बरोबरीने जोर लावते. हे कसे घडते, ते कपलिंगच्या बाजूला लोंबणाऱ्या जाड केबलमुळे कळते. दांडिया बाजारातल्या ज्या मराठी घरांत कोणी रेल्वेत नोकरी केली आहे, तिथे या केबलचे ‘जंपर’ हे नाव नवे वाटणार नाही.

एका जागेवरून अनेक वाहने एकत्र चालवण्याची ही कल्पना अमेरिकी अभियंते फ्रँक स्प्रेग यांनी 1897 मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी प्रत्यक्षात आणली. मोटारींचा प्रचंड प्रवाह गाडीभर न खेळवता त्यांनी फक्त हुकमाची वीज मागे नेली; ताकद प्रत्येक डब्याने आपापली घ्यायची.

आज बडोद्याच्या मार्गावर विद्युत इंजिने धावतात, तरीही ही रचना समजून घ्यायला अमेरिकी धाटणीच्या डिझेल इंजिनाचा जंपर सर्वांत सोयीचा आहे. त्यात 27 पिना असतात आणि नियंत्रणाचा दाब साधारण 74 व्होल्ट असतो. इंजिनाच्या वेगाचे आठ नॉच, म्हणजे टप्पे, असले, तरी त्यांच्यासाठी ए, बी, सी आणि डी अशा चारच तारा आहेत, आणि त्यांच्या निरनिराळ्या मेळांतून आठही वेग मिळतात. आठव्या नॉचला ए, बी आणि सी या तिन्हींत वीज असते. समजा, बीची पिन सैल आहे. मग मागच्या इंजिनाला उरतात ए आणि सी, आणि हा तर चौथ्या नॉचचा मेळ! पुढचे इंजिन पूर्ण ताकदीने ओढत असताना मागचे अर्ध्यावरच रेंगाळते, ते एका पिनेमुळे. एकट्या डीत वीज आली, तर इंजिन बंदच पडते.

दिशेचा प्रश्न याहून नाजूक आहे. दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडली, तर पुढच्याला ‘पुढे’ जायचे असताना मागच्याला ‘मागे’ जावे लागते; म्हणून ‘पुढे’ आणि ‘मागे’ यांच्या दोन तारांची अदलाबदल वायरिंगमध्येच करून ठेवलेली असते. उलट दिशेनेही निरोप येतात: मागच्या इंजिनाचे चाक घसरले, तर त्याची सूचना याच केबलमधून पुढे पोचते. ब्रेकसाठी मात्र हवेचे नळ वेगळे जोडावे लागतात.

म्हणूनच जोडणी झाल्यावर एकाने पुढे नॉच एकेक करून वाढवायचा आणि दुसऱ्याने मागच्या इंजिनाशी उभे राहून त्याचा वेग प्रत्येक वेळी वाढतो की नाही, हे पाहायचे. पाठोपाठ दिशा, चाक घसरू नये म्हणून रुळावर सोडायची वाळू आणि ब्रेक तपासायचे, आणि मगच ही जोडी गाडीला लावायची.