पोस्ट एकटीच फिरते

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते छोट्या पोस्टबद्दल, म्हणजे ट्विटर, ज्याला आता एक्स म्हणतात, शिवाय थ्रेड्स, ब्लूस्काय, मॅस्टोडॉन, अशा ठिकाणी आपण दोन-चार ओळी टाकतो ना, त्याबद्दल. धंद्याला याचा खरंच उपयोग होतो का, असं बरेच जण विचारतात. होतो, चांगला होतो, फक्त एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची, तुमची पोस्ट एकटीच फिरते. ती जिच्यासमोर येते त्या व्यक्तीने तुमचं प्रोफाइल उघडलेलं नसतं, कालची पोस्ट वाचलेली नसते, तुम्ही कोण हेही तिला ठाऊक नसतं.

ट्विटर २००६ साली आलं तेव्हा ते एसएमएसवर चालायचं. एका एसएमएसची अक्षरं १६०, त्यातली २० युजरनेमसाठी राखून ठेवली आणि उरली १४०, मग २०१७ मध्ये त्याची २८० झाली. लोक या आकड्यांवर भरपूर बोलतात पण माझ्या मते मोठा बदल २०१६ चा आहे, तेव्हापासून पोस्ट नुसत्या वेळेच्या क्रमाने दिसायच्या बंद झाल्या आणि कुणाला काय आधी दाखवायचं ते अल्गोरिदम, म्हणजे त्यांचा प्रोग्राम, ठरवायला लागला. आता विचार करा, तुम्ही सोमवारी लिहिलंत "आज काम बंद आहे", आणि ती पोस्ट एखाद्याला बुधवारी सकाळी दिसली, तर तो गिऱ्हाईक बुधवारी येणारच नाही, आणि आला नाही हे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून आज, उद्या, परवा हे शब्द पोस्टमधून काढूनच टाका. वार लिहा, तारीख लिहा, किती वाजेपर्यंत ते लिहा.

आता काय लिहायचं ते सांगतो. समजा कुणी सायकली दुरुस्त करतं. "उत्तम सेवा, एकदा अवश्य भेट द्या" असं रोज टाकलं तर लोक वाचतसुद्धा नाहीत, अंगठा सरळ पुढे जातो. त्याऐवजी असं लिहून बघा, "सायकल पडल्यानंतर गिअर आपोआप बदलतायत? मागच्या चाकाशी डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती मागून बघा. आत वाकलेली दिसली तर साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर नेऊ नका, डिरेलर चाकाच्या तारांत अडकू शकतो." बास, एवढंच, सोबत त्या वाकलेल्या पट्टीचा एक जवळून काढलेला फोटो. ज्याची सायकल कालच पडलीय तो हे सेव्ह करणार, दुसऱ्याला पाठवणार, आणि दुरुस्ती करायची वेळ आली की त्याला तुमचंच नाव आठवणार. आपलं ज्ञान असं फुकट वाटलं तर गिऱ्हाईक कशाला येईल, ही भीती मला अनेकांकडून ऐकायला मिळते, पण वाकलेली पट्टी ओळखणं वेगळं आणि ती सरळ करणं वेगळं, त्याला हत्यार लागतं, हात बसलेला लागतो. लोक त्याचेच पैसे देतात.

तक्रार आली तर पहिलं उत्तर सगळ्यांसमोर द्या. दुसरे लोक बघत असतात, त्यांना तक्रारीपेक्षा तुमचं उत्तर कसं आहे त्यात जास्त रस असतो. ऑर्डर नंबर, पत्ता, फोन हे मात्र खासगी मेसेजमध्ये घ्या. आणि इथे एक फार महत्त्वाचं सांगायचंय, कंपनीला टॅग करून तक्रार टाकली की कधीकधी चोरटे कंपनीच्या नावाचं खोटं अकाउंट काढून आधी उत्तर देतात, लिंक पाठवतात, ओटीपी मागतात. ग्राहक असाल तर अकाउंटचं नाव अक्षरन् अक्षर तपासा. धंदा करत असाल तर आपण ओटीपी कधीच मागत नाही हे वर पिन करून ठेवा.

आता माहितीचं. २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅग, म्हणजे विषयाच्या शब्दाआधी # लावायची पद्धत, सुचवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत सॅन दिएगोच्या वणव्याच्या वेळी लोकांनी तो वापरून कुठे आग पसरतेय, कुठला भाग रिकामा करायचाय हे एकमेकांना कळवलं. ही या माध्यमाची सगळ्यात सुंदर बाजू आहे असं मी मनापासून मानतो. दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं अकाउंट हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचं खोटं ट्विट गेलं, तर काही मिनिटांत अमेरिकेचा शेअर बाजार घसरला आणि खोटं आहे कळल्यावर परत वर आला. सायन्स मासिकात २०१८ साली एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास छापून आला, त्यात खोटी बातमी रिट्विट होण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि ते बॉट्समुळे, म्हणजे प्रोग्रामने आपोआप चालणाऱ्या अकाउंट्समुळे नाही, माणसांमुळे.

म्हणून रस्ता बंद, पाणी वाढलंय, रक्त हवंय असलं काही पुढे पाठवताना ते कुणी सांगितलं आणि किती वाजता, हे त्याच पोस्टमध्ये लिहा. नुसता स्क्रीनशॉट टाकू नका, त्यातला मजकूर शोधला तर सहसा सापडत नाही आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं स्क्रीन रीडरही तो नीट वाचू शकत नाही, मजकूर टाइप करा किंवा फोटोला वर्णन जोडा. रक्त मिळालं की "मिळालं, आता फोन करू नका" ही ओळ दुसऱ्या पोस्टमध्ये लिहून भागत नाही, कारण लोकांच्या हातात मूळ पोस्ट फिरत असते. जिथे एडिट करता येतं तिथे मूळ पोस्टच दुरुस्त करा, नाही तर ती डिलीट करून नवी टाका, आणि ज्यांनी ती पुढे पाठवलीय त्यांना कळवा.

शेवटी धंदेवाल्यांसाठी एक. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झालं आणि तिथे जमवलेले फॉलोअर्स तिथेच राहिले. तेव्हा ज्यांची परवानगी आहे अशा गिऱ्हाइकांचे ईमेल किंवा नंबर आत्तापासून आपल्याकडे लिहून ठेवा, आणि सेटिंगमध्ये जाऊन आपल्या अकाउंटचा डेटा डाउनलोड करून घ्या. फाइल तयार व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून रिक्वेस्ट आजच टाका.