जुना पॅड हातात घेऊन बघा

मंडळी, गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी फोन येतो, "साहेब, पुढचे ब्रेक पॅड संपलेत, बदलावे लागतील." आपण म्हणतो, अहो, आत्ता तर बदलले होते. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "माल आता पहिल्यासारखा येत नाही." आपण पैसे भरतो आणि गाडी घरी आणतो. या उत्तरावर समाधान मानू नका, एवढं सांगायलाच मी आज इथे उभा आहे. पॅड वेळेआधी संपला असेल, तर तो का संपला हे बहुतेक वेळा त्या जुन्या पॅडवरच दिसतं. गॅरेजवाल्याकडून जुने चारही पॅड मागून घ्या. कुठला डावीकडचा, कुठला उजवीकडचा, कुठला आतला, कुठला बाहेरचा, हे त्याला खडूने लिहून द्यायला सांगा.

ही टेबलावरची जोडी बघा. दोन्ही पॅड एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले. नव्या पॅडवर घासायचा मसाला साधारण दहा ते बारा मिलिमीटर असतो, आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा. यातल्या बाहेरच्या पॅडवर अजून सात मिलिमीटर शिल्लक आहे. आतला मात्र पार मसाल्यामागच्या पत्र्यापर्यंत गेलाय; पत्र्यावर डिस्कच्या, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीच्या, गोल रेघा उठल्यात. माल खराब असता तर दोन्ही सारखे झिजले असते. एक सात आणि एक शून्य, म्हणजे बिघाड पॅडमध्ये नाही, दोन्ही पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन, म्हणजे दट्ट्या, असतो आणि तोही आतल्या बाजूला. आपण ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेला सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. हे सरकणं होतं दोन पिनांवर. पिना बोटाएवढ्या, त्यांच्यावर रबरी बूट आणि आत थोडं ग्रीस. बूट फाटला की पाणी शिरतं, ग्रीस वाहून जातं, पिन गंजते आणि जाम होते. मग कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. कधी उलटही होतं. दाबाने कॅलिपर सरकतो, पण परत येत नाही, आणि बाहेरचा पॅड डिस्कला चिकटून राहतो. दोनपैकी एकच पिन जाम असेल, तर पॅड तिरका झिजतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ.

ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे कोण नेतं, हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते. पिस्टन पुढे जाताना ती थोडी मुरडते, आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला सोबत मागे खेचते. किती? केसाच्या जाडीएवढं. तेवढ्या फटीवर पॅडचं आयुष्य अवलंबून आहे. सील कडक झाली किंवा पिस्टनवर गंजाचे फोड आले, की ती फट राहत नाही. पॅड दिवसभर डिस्कला घासत राहतो. पिकअप थोडा मंदावतो, ॲव्हरेज थोडं घटतं, आणि आपण पेट्रोल पंपावर शंका घेतो. पारख सोपी आहे. फारसा ब्रेक न लावता सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, थांबा, आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा ठळक जाणवली, तर तिथे काहीतरी अडकलंय.

कोकणातून आलेली मंडळी इथे असतील, त्यांच्यासाठी हे विशेष महत्त्वाचं. चार महिने पाऊस, तांबडी माती आणि पुष्कळदा गाडी गणपतीपर्यंत अंगणात उभी. डिस्कवर रात्रीत चढणारा तांबूस गंज पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची चिंता नको. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर मात्र पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे गंज धरतो आणि पॅड अडकून बसतो. म्हणून पावसाळा संपला की पॅड उतरवून खाचा घासून घ्या, पिना पुसून नवं ग्रीस भरून घ्या. ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं, सिलिकॉनचं. बेअरिंगचं ग्रीस भरलं तर रबर फुगतं, आणि आज मोकळी केलेली पिन काही महिन्यांत पुन्हा जाम होते.

आता समजा चारही पॅड सारखे झिजलेत, पण लवकर झिजलेत. मग कॅलिपर ठीक आहे. मग कारण उष्णता, आणि ती आपल्या पायातून येते. गाडीचा वेग दुप्पट झाला की ती थांबवताना चौपट उष्णता निघते. १०० च्या वेगातली साधी कार एकदा पूर्ण थांबवली, की पुढच्या डिस्क पन्नास-साठ अंशांनी तापतात. आता घाट घ्या. लोणावळ्याहून खोपोलीला आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतो. हिशेब केला तर ही ऊर्जा १०० च्या वेगातली गाडी लागोपाठ चौदा वेळा थांबवण्याइतकी भरते. गाडी हलकी असो की जड, हा चौदाचा आकडा बदलत नाही. थोडा वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेला इंजिनने पेलायचा की ब्रेकने, हे तुम्ही गिअरच्या दांड्यावर हात ठेवून ठरवता.

पॅडचा मसाला रेझिनने, म्हणजे राळेसारख्या चिकट पदार्थाने, बांधलेला असतो. साधारण ३०० अंशांच्या पुढे ते रेझिन करपायला लागतं, आणि तिथून झीज झपाट्याने वाढते. असा पॅड हातात घेतला की कडेला पांढुरकी राख दिसते आणि वरचा थर काचेसारखा तुळतुळीत लागतो. एरवी कित्येक आठवड्यांत झाली नसती एवढी झीज घाटातल्या एका चुकीच्या उतरणीत होऊ शकते.

आणि इथे मला कळकळीने बोलायचंय. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय कृपा करून सोडा. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पेट्रोल जवळपास बंदच होतं, कारण इंजिनला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं. म्हणजे पेट्रोलही जातं, पॅडही जातात, आणि ब्रेक तापून हातचे गेले तर माणसंही जातात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढला तर ब्रेक ठाम दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. पाय सतत हलका ठेवून उतरलात, तर डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

मघाशी एका ताईंनी विचारलं, गाडी ऑटोमॅटिक असेल तर? बहुतेक गाड्यांत एल, एस किंवा मॅन्युअल अशी सोय असते, उतारावर ती वापरा. डावा पाय मात्र जागेवर ठेवा. क्लच नाही म्हणून तो नकळत ब्रेकवर टेकतो, आणि मागचा लाल दिवा गावभर पेटता राहतो. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दर चार फुटांना पुढे सरकायचं आणि थांबायचं, हेही पॅड खातं. पुढे थोडं अंतर राखून गाडी सावकाश सरकू द्या.

ब्रेक ऑइलबद्दल थोडक्यात. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्यासाठी हीच किमान मर्यादा १५५ आहे. साध्या रस्त्यावर फरक कळत नाही, घाटात मात्र तेल उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. तेच पाणी पिस्टनला आतून गंजवतं. दोन वर्षांनी तेल बदला.

राहिले नवे पॅड. डिस्कवर खोल रेघा असतील किंवा कडेला उंच ओठ आला असेल, तर नुसते पॅड बदलून भागत नाही. नवा मसाला त्या खडबडीत भागावर लवकर खरवडून निघतो. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. मेकॅनिकला ती मोजून दाखवायला सांगा. आणि नवे पॅड बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर मध्यम वेगातून मध्यम जोराने ब्रेक लावा, दोन ब्रेकमध्ये गाडी चालती ठेवा, कचकचून दाबणं जिवावर बेतलं तरच. त्या काळात पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. त्याच आठवड्यात महाबळेश्वरचा बेत असेल, तर तो पुढच्या आठवड्यावर ढकला.