२,०२९ विजय, करंडक मात्र नाही

नमस्कार मंडळी! अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची सर्वोच्च श्रेणी म्हणजे डिव्हिजन वन. तिथे सर्वाधिक सामने जिंकलेले हेड कोच माहीत आहेत? माइक मार्टिन, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ. १९८० ते २०१९, ४० हंगाम, २,०२९ विजय. आता राष्ट्रीय विजेतेपदं विचारा. एकही नाही!

म्हणून "मोठ्या सामन्यात कच खातात" असा शिक्का त्यांच्यावर बसला. मला तो पटत नाही.

या नोकरीत घडवलेला खेळाडू हाती राहतच नाही. चार वर्षांच्या कॉलेजात आलेल्या पोराचं तिसरं वर्ष संपलं, की व्यावसायिक संघ त्याला उचलू शकतात. चांगला असेल तर उचलतातच. काही जण तर शाळेतूनच थेट तिकडे जातात. कोचने महिनोन्‌महिने केलेली मनधरणी पाण्यात! त्यात मार्टिन यांच्या काळात बरीच वर्षं नियम असा होता, की अख्ख्या संघाला मिळून शिष्यवृत्त्या फक्त ११.७. हो, अकरा पूर्णांक सात. पानं बारासुद्धा नाहीत आणि पंगतीला तीस जण, वाढा आता! मग कुणाला अर्धी, कुणाला पाव.

मार्टिन यांच्या संघातल्या बस्टर पोझीचंच बघा. आला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून, इथे त्याला कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) केलं. २००८ मध्ये एकाच सामन्यात हा पठ्ठ्या नऊच्या नऊ जागांवर खेळला, वर ग्रँड स्लॅमही (एकाच फटक्यात चार धावा) ठोकला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं. पुढच्या हंगामाला कोचपुढे प्रश्न: कॅचर कोण?

असं सगळं असताना मार्टिन यांच्या संघाने प्रत्येक हंगामात किमान ४० सामने जिंकले. चाळीसही वर्षं! माझ्या लेखी करंडकापेक्षा हे अवघड आहे.

कारण करंडक ठरतो ओमाहा शहरात, कॉलेज वर्ल्ड सिरीज या अंतिम स्पर्धेत. आठ संघ, दोनदा हरलात की घरी. तिथे एखादा पिचर (चेंडू टाकणारा) दोन दिवस भन्नाट टाकून गेला, की तुमचा अख्खा हंगाम संपला. मार्टिन तिथे १७ वेळा संघ घेऊन गेले. १९९९ ची अंतिम लढत मायामीकडून ६-५ अशी, एका धावेने गेली. २०१९ मध्ये, पंचाहत्तरीत, शेवटचा प्रयत्न: आर्कान्सासला १-० हरवलं, मग मिशिगन आणि टेक्सास टेककडून पराभव.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. त्याच जूनमध्ये फ्लोरिडा स्टेट पुन्हा ओमाहात होतं. कोच होते लिंक जॅरेट, मार्टिन यांच्याच संघातला जुना शॉर्टस्टॉप. करंडक? टेनेसीने बाहेर काढलं.